येसूबाईच्या जागेवर

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी रत्नागिरीतल्या एका मासळी बाजारात पालथ्या घातलेल्या प्लास्टिकच्या क्रेटवर बसलो. समोर फळीवर बांगडे होते. उजवीकडे बर्फ होता. डावीकडे सोनूबाई होत्या आणि त्यांचं माझ्याबद्दलचं मत चांगलं नव्हतं.

घटना एवढीच. पण बसणारा माणूस आडनावाने लिमये होता, शाकाहारी होता आणि एका स्थानिक दैनिकाच्या वृत्तविभागातून निवृत्त झालेला होता, म्हणून तिची बातमी झाली. शहरात रोज कितीतरी माणसं बांगड्यांसमोर बसतात. त्यांची होत नाही.

मासळीशी माझा काहीच संबंध नव्हता असं मात्र नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत बंदरावरचे भाव रोज माझ्या हाताखालून गेले. सुरमई, पापलेट, सौंदाळे, बांगडा. त्यांतला एक भाव चुकला तर मी संबंधित उपसंपादकाला उभं करत असे. त्यांतला एक मासा मात्र रस्त्यात समोरून आला असता तर मी त्याला ओळखलं नसतं.

सुरुवात बायकोच्या शिकवणीपासून झाली. तिच्याकडे बारावीच्या इंग्रजीला जी मुलं येतात त्यांत दिशा बोहरा ही एक. वडील डंबर बोहरा नेपाळातल्या अछामचे, इथल्या बोटीवर खलाशी. आई कारखान्यात कोळंबी सोलते. दिशा जन्मली इथल्या दवाखान्यात, वाढली बंदराजवळच्या कौलारू खोलीत आणि बोलते अशी की फोनवर ऐकणाऱ्याला ती गुहागरची वाटावी. अछामला ती दोनदा गेली आहे. दोन्ही वेळा पोट बिघडवून परत आली.

बोहरांची कंबर गेली होती. या मोसमाअखेरीस, बोटी किनाऱ्यावर ओढल्या की बिऱ्हाड आवरायचं आणि कायमचं गावी जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मुलीला इथे काय आहे, असा त्यांचा प्रश्न होता. त्याला मुलीकडे उत्तर होतं. बाजारात बसायला एक जागा मिळाली तर सकाळी मासे विकीन, दुपारी कॉलेजला जाईन आणि घर चालेल.

"मंग कशाला जायचं तिकडं?" ती बायकोला म्हणाली. "बाबांचं गाव हाय ते. माझं कुटं हाय? मना तिथलं धड बोलतापन येत नाय."

जागाही तिने हेरून ठेवली होती. येसूबाई नावाच्या जुन्या विक्रेतीचे गुडघे गेले होते. तिचा एक मुलगा आखातात, दुसरा मुंबईत आणि धाकटी सून लांज्याला पतपेढीत. तिघांपैकी कुणालाही टोपलीला हात लावायचा नव्हता. दिशा शाळेत असल्यापासून येसूबाईला बर्फ आणून देत होती, मासे कापून देत होती. येसूबाईला ती हवी होती. प्रश्न बाकीच्या बायकांचा होता.

हे सगळं मला शेजारच्या खोलीत पेपर वाचताना ऐकू येत होतं. बातमी म्हणून बरी होती. तेवढ्यात बायको म्हणाली, "हे बघतील."

दोनच शब्द. इतक्या कमी मजकुरात एवढी जबाबदारी मी माझ्या कारकिर्दीत पाहिली नाही.

पहिला सल्ला आमच्या इमारतीतल्या राजाराम शिरधनकरांनी दिला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि कुठल्याही गोष्टीला वाट काढून देणं त्यांच्या अंगात मुरलेलं आहे.

"नेपाळी ना ती? मग मोमोची गाडी टाकून द्या. स्टँडसमोर. रांग लागेल."

मी हा प्रस्ताव दिशापुढे ठेवला.

"काका, मोमो मी फकस्त एकदा खाल्ले. कोल्हापूरला. सहलीला गेलेलो तवा."

"आणि घरी?"

"घरी आई घावणे करते. नायतर डाळभात."

शिरधनकरांना हे पटलं नाही. मुलगी काहीतरी लपवते आहे असं त्यांचं मत पडलं. पुढचे कित्येक दिवस ते मला जिन्यात भेटले की, "मोमोचं काय झालं?" असं विचारत. इमारतीतल्या आणखी दोघांनी स्वतंत्रपणे मोमोच सुचवले. एकाने तर नाव आणि पाटीचा रंगही ठरवून दिला.

मग मी कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, मला रोज त्या रस्त्याने फिरायला जायचं असतं. तिथल्या सद्गृहस्थांनी संगणक माझ्याकडे वळवला. जागा दुसऱ्याच्या नावावर करायची तर पहिल्या धारकाशी नातं निवडावं लागतं, आणि निवडायला सून, मुलगी, पत्नी आणि इतर एवढंच होतं. आम्ही 'इतर' निवडलं. संगणकाने स्पष्टीकरण मागितलं आणि त्यासाठी एक ओळ दिली. मला मनातून आनंद झाला. जन्मभर मी मजकूर ओळीत बसवला आहे. 'लहानपणापासून धारकाच्या हाताखाली तयार' असं लिहिलं. नेमकं, निःपक्षपाती आणि ओळीत बसणारं. संगणकाने ते लाल केलं.

"हाताखाली हे नातं नाही," सद्गृहस्थ म्हणाले. "बाजारातल्या बायकांची हरकत नसल्याचं आणा. मग वर पाठवतो."

"वर म्हणजे कुठे?"

"ते पाठवल्यावर कळतं."

म्हणून मी बाजार उठल्यावर भरणाऱ्या बायकांच्या बैठकीला गेलो. या बाजाराची रीत अशी आहे की जागा सासूकडून सुनेकडे जाते. लेकीकडे जात नाही, कारण लेक लग्न होऊन दुसऱ्या बाजारात बसते. नवी बाई बसली की शिमग्यापर्यंत तिची पारख. तोवर बाजाराच्या वेळात जागा घटकाभरही मोकळी राहता कामा नये. राहिली तर हक्क गेला, आणि जागा शेजारणीची. शेजारीण म्हणजे सोनूबाई. त्यांना ती त्यांच्या सुनेसाठी, तेजलसाठी हवी होती.

"पोर गुणाची हाय," सोनूबाई म्हणाल्या. "मी वाईट नाय बोलत. पन हिच्या मागं घर कुटचं? सून झाली तर घर असतं. हिचं घर आज हाय, जूनला नाय. उद्या हिनं उधारीवर माल उचलला नि निगाली नेपाळला, मंग आमी कोनाच्या दारात जायाचं?"

प्रश्न रास्त होता. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी उभा राहिलो. चाळीस-पन्नास माणसं शांतपणे आपल्याकडे बघत असली की माझ्या पिढीच्या पत्रकाराचा पुढारी होतो.

"माझं घर हिच्या पाठीशी आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी हजारदा छापलं आहे. पूरग्रस्तांच्या पाठीशी, बागायतदारांच्या पाठीशी, खेळाडूंच्या पाठीशी. ते छापून आल्यावर कुणी कुणाच्या पाठीशी जाऊन उभं राहिल्याची नोंद नाही. पण या बायका पेपर वाचत नव्हत्या.

"म्हंजे ही तुमच्या घरची," येसूबाई म्हणाली.

"हो, म्हणजे त्या अर्थाने..."

"आयकलात ना सगळ्यांनी? लिमयांच्या घरची."

अशी दिशा आमच्या घरची झाली, पारखीसाठी येसूबाईच्या जागेवर बसू लागली आणि त्याबरोबर काय काय येतं ते मला हप्त्याहप्त्याने कळत गेलं. बाजाराच्या हळदीकुंकवाला वाण आमच्या घरून गेलं. एकीच्या नातवाच्या बारशाला आहेर आमच्या घरून गेला. बायको या सगळ्याला हौसेने जात होती आणि येताना ओटीत नारळ घेऊन येत होती. मी स्वतःला सांगितलं की हे इथपर्यंतच आहे.

बारावीची परीक्षा आली तेव्हा ते पुढे गेलं. पेपर अकराला. बाजार बारापर्यंत. एकदा जागा दुसरीला दिली की त्या बाईला परत तिथे बसता येत नाही, त्यामुळे येसूबाई बाद. दिशाची आई रजा काढून बसणार होती, पण आदल्या दिवशी कारखान्यात मोठा माल आला आणि रजा रद्द झाली. बोहरा समुद्रात. नियमाप्रमाणे उरलं ते घरचं माणूस.

"मला खाली बसता येत नाही," बायको म्हणाली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. "आणि घर तुम्ही दिलंत."

पुरुष बसलेला चालतो का, हा मुद्दा मी आशेने उपस्थित केला. येसूबाईने विचार केला.

"बाई पायजे असं कोन बोललेलं नाय," ती म्हणाली. "घरचं मानूस पायजे, असंच हाय. बापई कदी बसला नाय, कारन कोनी बसला नाय."

दहाला दिशा हात धुऊन, कॉलेजचा गणवेश झटकून उभी राहिली.

"काका, तुमी निस्तं बसा. इकायची गरज नाय. कावळा आला तर हाकला. नि उटू नको हां. काय पन झालं तरी उटू नको."

ती मला कधी तुम्ही म्हणते आणि कधी तू. घाई असली की तू.

पहिलं गिऱ्हाईक पाच मिनिटांत आलं. एक बाई, हातात कापडी पिशवी.

"ताजे हायत काय?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं आणि खरं मला माहीत नव्हतं.

"आज पहाटेच्या बोटीतून आल्याचं समजतं," मी म्हणालो.

"कोनाकडनं समजतं?"

"विक्रेत्यांकडून."

"मग तुमी कोन?"

"मी घरचं माणूस आहे. विक्रेत्या परीक्षेला गेल्या आहेत."

बाईंनी एक बांगडा उचलला, त्याच्या कल्ल्यात बोट घातलं, माझ्याकडे बघितलं आणि परत बांगड्याकडे बघितलं. दोघांपैकी कोण जास्त ताजं हे त्या ठरवत असाव्यात.

"भाव कमी करा."

"मला अधिकार नाही."

"कोनाला हाय?"

"त्यांचा इंग्रजीचा पेपर आहे. दोनला सुटेल."

"अगो बाई," त्या म्हणाल्या, "माझ्या भाचीचापन आजच हाय." आणि भाव न करता एक वाटा घेऊन गेल्या. त्यांनी हे पुढे कुणाला सांगितलं माहीत नाही, पण त्यानंतर बायका येत राहिल्या आणि पेपर कसा जाईल याची चर्चा करून मासे नेत राहिल्या.

दरम्यान एका कावळ्याने एक बांगडा नेला. मी त्याला हाकललं, पण शब्दांनी. कावळ्यांना हाकलण्याची इथली पद्धत वेगळी आहे हे नंतर कळलं. बर्फ वितळत होता. ते पाणी फळीवरून क्रेटवर आणि क्रेटवरून माझ्या विजारीत येत होतं. पावणेअकरापर्यंत परिस्थिती अशी झाली होती की मी उभा राहिलो असतो तर ती सर्वांना दिसली असती.

"दमलात असाल," सोनूबाई अचानक प्रेमाने म्हणाल्या. "जावा, समोर च्या घेऊन येवा. मी बघतंय हितं."

मी त्यांच्याकडे बघितलं. डाव माझ्या लक्षात आला होता असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. वस्तुस्थिती अशी आहे की चहाची मला फार इच्छा झाली होती आणि केवळ विजारीमुळे मी उठलो नाही. दिशाचा हक्क त्या क्षणी माझ्या अब्रूवर टिकून होता, आणि अब्रू ओली होती.

अकराला शिरधनकर आले. ते दर मंगळवारी येतात. त्यांनी मला बघितलं आणि मोबाइल काढला. मिनिटभरात माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. इमारतीच्या ग्रुपवर फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'निवृत्तीनंतरची नवी खेळी.' सव्वाअकराला माझ्या जुन्या दैनिकातला वार्ताहर विनीत हजर झाला. त्याला मीच तयार केलं होतं.

"सर, मासे विकताना कसं वाटतंय?"

"विकताना लिहू नकोस. जागेवर बसलो आहे. आणि वाटतंय वगैरे विचारायचं नाही, काय घडलं ते विचारायचं."

"काय घडलं?"

"ते छापायचं नाही."

तो समाधानाने निघून गेला. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर आलं. मथळा दोन शब्दांनी लांब होता.

बाराला दहा मिनिटं उरली आणि सोनूबाई उठून बाजाराच्या मध्यभागी गेल्या.

"माजी हरकत हाय," त्या म्हणाल्या. "घरचं मानूस बसलं, कबूल. पन घर कसलं? ज्या घरात मासळीच शिजत नाय, त्या घराची मासळीबाजारात जागा कशी?"

बाजार शांत झाला. शांत मासळी बाजार मी पहिल्यांदाच ऐकला. मुद्दा बिनतोड होता, आणि तो आजवर कुणाला सुचला नव्हता याचं मला आश्चर्य वाटलं. तिकडे दिशा पत्र लिही, सारांश लिही करत बसली असेल आणि इकडे तिची जागा चालली होती. मला पहिल्यांदाच विजारीचा विसर पडला.

येसूबाईला घरून आणलं गेलं. तिने पान जुळवलं, तोंडात टाकलं.

"आज दिवेलागनीच्या आत शिजली तर शिजते असं म्हनायचं," ती म्हणाली. "नाय शिजली तर सोनूचं बरोबर."

"नि हिनं येऊन शिजवायची नाय," सोनूबाई म्हणाल्या. "घरच्यांनी शिजवायची. मी येतंय बगायला."

मी बायकोला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. आमच्या स्वयंपाकघरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही. मी शांतपणे पुढच्या वाक्याची वाट बघत होतो.

"नवा तवा आणि नवी कढई घेऊन या," ती म्हणाली. "शेगडी मागच्या बाल्कनीत मांडते. पण करायचे तुम्ही. मी फक्त भात लावीन."

संध्याकाळी पाचला मी मागच्या बाल्कनीत बांगड्यांसमोर दुसऱ्यांदा बसलो. दिशा दाराच्या आत खुर्चीवर हात मांडीखाली घेऊन बसली होती, कारण तिला कशालाही हात लावायची बंदी होती. पेपर चांगला गेला होता. त्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

शिरधनकर वरच्या बाल्कनीतून वाकून मार्गदर्शन करत होते. "त्रिफळं टाका. त्रिफळांशिवाय बांगडा म्हणजे काय?" त्यांच्या सौभाग्यवती आतून म्हणत होत्या की त्रिफळं नको, नुसती आमसुलं टाका. मग त्या दोघांत जे झालं त्यात त्यांच्या लग्नाच्या जेवणाचाही उल्लेख आला. मी दोघांचंही ऐकलं आणि दोन्ही टाकलं. दोन्ही बाजू मांडण्याची सवय सहजासहजी जात नाही. एक बांगडा तव्याला चिकटला तो चिकटलाच. धूर झाला. खालच्या मजल्यावरून काळजीची चौकशी झाली. दिशा खुर्चीत बसून डोळे मिटून घेत होती.

सोनूबाई साडेसहाला आल्या. सोबत तेजल होती. बायकोने पाट मांडला, ताट वाढलं. सोनूबाईंनी रस्सा भातावर घेतला, कालवला, एक घास खाल्ला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

"मीट नाय," त्या म्हणाल्या.

बायकोने मीठ पुढे केलं.

"नि त्रिफळं नि आमसुलं एवडी कोन घालतं?" आणखी एक घास. "करपलापन हाय." मग बोटं चाटून, बऱ्याच वेळाने, "पन मासळी हाय. शिजलीय."

दिशाने हात मांडीखालून काढले. तेजल तिच्या बाजूला सरकली आणि तिला वाटलं तेवढ्या हळू आवाजात नव्हे, तर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे म्हणाली, "घे गो ती जागा, दिशा. मना पार्लर काढायचाय. दोन वर्सं सांगतंय, कोन आयकत नाय."

सोनूबाईंचा घास हातात राहिला. त्यांनी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू पार्लरची कल्पना मीच तिच्या डोक्यात घातली.

"भात वाढा," त्या शेवटी बायकोला म्हणाल्या.

मी स्वतः खाल्लं नाही. नियम शिजवण्याचा आहे, खाण्याचा नाही, हे येसूबाईकडून मी आधीच दोनदा तपासून घेतलं होतं. उरलेलं वर शिरधनकरांकडे गेलं. त्यांनी ताट घासूनपुसून परत पाठवलं आणि त्रिफळं कमी पडल्याचं कळवलं.

त्या रात्री मला झोप फार छान लागली. घराला वास होता, विजार दोरीवर होती, फोनमध्ये माझा फोटो इमारतीच्या ग्रुपवरून नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला होता आणि पुण्याच्या एका चुलतभावाने 'हे खरं आहे का' एवढंच विचारलं होतं. मी 'हो' लिहिलं आणि दिवा मालवला. खरं असलेल्या गोष्टीचा खुलासा करावा लागत नाही, हा त्यातला मोठा आराम आहे.

बाकीच्या पेपरांना आईची रजा मिळाली. शिमगा आला, बोटींना गुलाल लागला, जागा एकदाही मोकळी राहिली नव्हती. बाजारातल्या बायकांनी दिशाच्या फळीला हळदकुंकू लावलं. सोनूबाईंनी लावलं ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त. आता दिशा आणि त्या एकमेकींचा माल सांभाळतात आणि दिवसभर भांडतात. यालाच तिथे शेजार म्हणतात.

कचेरीत मी हरकत नसल्याचं नेऊन दिलं. सद्गृहस्थांनी ते वर पाठवलं. वर म्हणजे कुठे, हे अजून कळलेलं नाही. 'इतर' या शब्दापुढची ओळ अजून लालच आहे.

बोहरांचं मात्र काही ठरत नव्हतं. मे महिन्यात बोटी किनाऱ्यावर यायला लागल्या. दिशाच्या आईने भांडी बांधायला पोती मागून आणली होती, ती दाराशी तशीच पडून होती. दिशाला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा काय बोलत नाय." बोहरांना विचारलं तर ते हसले.

परवा संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा ते खोलीच्या छपरावर होते. कंबरेला फडकं घट्ट गुंडाळून कौलं परतत होते. फुटकी खाली देत होते, चांगली नीट बसवत होते. खाली दिशा हातात नवी कौलं घेऊन उभी होती. इथे पावसाळा काढायचा असेल तरच माणूस हे काम अंगावर घेतो.

"राहताय तर," मी खालून म्हणालो.

"नाही, तसं काही नाही," बोहरा वरून म्हणाले. "मालकाने सांगितलं, जाण्याआधी छप्पर करून द्या."

एका बाजूवर थांबायचं नाही, म्हणून मी येताना घरमालक निलेश यांना गाठलं. त्यांनी असं काहीही सांगितलेलं नाही.